नगरपालिकेची जमीन माजी सैनिकांना घरासाठी: भाव नंतर ठरवा, आधी कागद बघा

प्रश्न थोडक्यात असा. गिरणाकाठच्या एका तालुक्याच्या गावी नगरपरिषदेची तीन एकर पडीक जमीन आहे. शहरातले आणि आसपासच्या खेड्यांतले ६२ माजी सैनिक एकत्र आलेत. प्रत्येकाला २,००० चौरस फुटांचा प्लॉट हवा आहे. नगराध्यक्ष अनुकूल आहेत. रेडीरेकनरच्या (शासनाच्या बाजारमूल्य तक्त्याच्या) निम्म्या भावाने देण्याचा ठराव करू आणि महिनाभरात खरेदीखतं करून देऊ, असं काही नगरसेवक सांगताहेत. हे जमतं का, आणि पैसे भरायला सुरुवात करावी का, असं विचारलंय.

जमीन मिळू शकते. सांगितलंय त्या वाटेने मात्र मिळत नाही, आणि पैसे आत्ता भरू नका. स्वस्तात मिळेल का हा यातला खरा प्रश्नच नाही. सैनिकाच्या हातात पडणाऱ्या कागदावर बँक कर्ज देईल का, बांधकाम परवानगी मिळेल का, आणि दहा वर्षांनी कुणी जनहित याचिका टाकली तर तो कागद टिकेल का, हे खरे प्रश्न आहेत. निम्म्या भावाने घेतलेला पण रद्द होणारा प्लॉट सगळ्यात महाग पडतो, कारण तोपर्यंत निवृत्तीची सगळी पुंजी त्यावरच्या बांधकामात गेलेली असते.

पहिलं काम जमीन कुणाची आहे हे बघायचं. ‘नगरपरिषदेची जमीन’ या शब्दांखाली चार-पाच वेगवेगळे प्रकार असतात. सातबारा किंवा सिटी सर्व्हे झाला असेल तर मालमत्ता पत्रक काढा, आणि त्यावर न थांबता जुने फेरफार (हक्क बदलाच्या नोंदी) मागे मागे वाचत जा. कब्जेदार सदरी (मालकाच्या रकान्यात) ‘नगरपरिषद’ लिहिलंय की ‘महाराष्ट्र शासन’ लिहून इतर हक्कात नगरपरिषदेचं नाव आहे, यावर पुढची सगळी वाट ठरते. खानदेशातल्या जुन्या नगरपालिकांच्या नोंदी फार मागे जातात. पूर्व खानदेश, पश्चिम खानदेश असे जिल्हे होते तेव्हाच्या, म्युनिसिपल बरो असतानाच्या, मोडीत लिहिलेल्या नोंदीही निघतात. त्यात ‘कचरा डेपोसाठी’, ‘कोंडवाड्यासाठी’, ‘गुरांच्या बाजारासाठी’ असं प्रदानाचं कारण लिहिलेलं असतं. शासनाने ठरावीक कारणासाठी दिलेली जमीन नगरपरिषद स्वतःच्या मर्जीने घरांसाठी विकू शकत नाही. कारण बदलायचं तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत शासनाकडेच जावं लागतं. जमीन भूसंपादनातून आलेली असेल तर निवाड्याची प्रत काढा, संपादन कशासाठी झालं होतं ते तिथे कळतं.

गायरान निघालं तर तो विषय तिथेच संपवा. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी निकाल दिला, आणि त्यानंतर राज्याने १२ जुलै २०११ ला शासन निर्णय काढला. तेव्हापासून सार्वजनिक वापराची जमीन खाजगी व्यक्तींना देण्याचा दरवाजा जवळपास बंद आहे. बोदवड, मुक्ताईनगर, साक्री, शिंदखेडा यांसारख्या ग्रामपंचायतीतून नगरपंचायत झालेल्या गावांत ही तपासणी आणखी बारकाईने करावी, कारण तिथल्या बऱ्याच जमिनी ग्रामपंचायतीच्या काळातून आलेल्या असतात. ले-आउटमधल्या खुल्या जागेचंही तसंच. ती नगरपरिषदेच्या ताब्यात असली तरी त्या कॉलनीच्या वापरासाठी राखलेली असते, तिचे प्लॉट पाडता येत नाहीत.

मग विकास योजनेचा नकाशा आणि झोन दाखला, म्हणजे जमीन कोणत्या वापरासाठी ठेवली आहे त्याचा दाखला. जमिनीवर शाळा, बगीचा, दवाखाना असं आरक्षण असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो. त्यासाठी हरकती मागवणं, सुनावणी, शासनाची मंजुरी हे सगळं येतं. ठरावात ‘आरक्षण उठवून’ असं लिहिल्याने आरक्षण उठत नाही. आणि नदीजवळची जमीन असेल तर पूररेषा बघाच. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. नगरपालिकेकडे पडीक राहिलेली जमीन बहुतेकदा नाल्याच्या किंवा नदीच्या अंगाला असते, म्हणूनच ती इतकी वर्षं कुणी मागितलेली नसते. ऑगस्ट २०२१ अखेरीस चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी वस्तीत शिरलं ते आठवा, आणि पूररेषेचा नकाशा हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जमीन निर्वेध निघाली तर महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ चं कलम ९२ लागू होतं. नगरपरिषदेला स्थावर मालमत्ता शासनाच्या मंजुरीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. मंजुरीच्या प्रस्तावासोबत लागणारा ठराव एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश बहुमताने व्हावा लागतो. इथे हमखास चूक होते. २४ सदस्यांच्या सभागृहात १८ जण हजर आहेत आणि १२ जणांनी बाजूने मत दिलं, तर हजर असलेल्यांचे दोन-तृतीयांश भरतात, पण कलमाला १६ लागतात. असा ठराव वरून परत येतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे नजरचुकीने पुढे सरकतो आणि नंतर कोर्टात पडतो. इतिवृत्तात प्रत्येक सदस्याचं नाव आणि मत लिहून घ्या. सभागृहाची मुदत संपून प्रशासक असेल तर त्याच्या एकट्याच्या सहीवर इतका मोठा व्यवहार उभा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. निवडून आलेलं सभागृह येईपर्यंत मोजणी आणि नकाशाची कामं उरकावीत.

‘मग भाडेपट्ट्याने देऊ, त्याला मंजुरी लागत नाही’ हा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईलच. नगरपरिषद आपल्या अधिकारात तीन वर्षांपर्यंतच पट्टा देऊ शकते आणि त्या जमिनीवर पक्कं बांधकाम करता येत नाही, हे त्याच कलमात लिहिलंय. घरासाठी तो पट्टा निरुपयोगी आहे. दीर्घ मुदतीचा पट्टा हा वेगळा आणि चांगला मार्ग आहे, पण त्यालाही शासनाची मंजुरी लागतेच.

जळगाव आणि धुळे शहरांत २००३ पासून महानगरपालिका आहे. तिथे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ७९ लागतं आणि मोबदला चालू बाजारमूल्यापेक्षा कमी ठेवता येत नाही. या दोन शहरांतल्या वाचकांनी खालचा सवलतीचा भाग आपल्याला लागू धरू नये.

आता भाव. सैनिकांना सवलत द्यावी ही भावना रास्तच आहे. ज्याने पंधरा-सतरा वर्षं सीमेवर काढली त्याला गावात परत आल्यावर डोक्यावर छप्पर मिळावं, यात वाद घालण्यासारखं काही नाही. पण सार्वजनिक जमीन एखाद्या गटाला थेट, जाहिरात न देता दिली तर तो मनमानी कारभार ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये अखिल भारतीय उपभोक्ता काँग्रेस प्रकरणात सांगून ठेवलंय. हैदराबादेत खासदार, आमदार, न्यायाधीश, अधिकारी, पत्रकार आणि संरक्षण दलातले लोक यांच्या सोसायट्यांना सवलतीने जमीन देण्याचे शासन आदेशही त्याच न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी रद्द केले. या यादीत संरक्षण दलातले लोकही होते, हे नीट लक्षात घ्या. नुसतं ‘आम्ही माजी सैनिक’ एवढ्यावर निम्मा भाव टिकेल अशी आशा धरू नये. टिकण्याची शक्यता आहे ती गरजेवर बांधलेल्या सवलतीची: घर नाही, उत्पन्न कमी आहे, पती किंवा मुलगा शहीद झालाय, युद्धात अपंगत्व आलंय. म्हणून प्रस्तावात पूर्ण मूल्यांकन आधी दाखवावं, सवलत कुणाला, किती आणि का हे वेगळ्या परिच्छेदात लिहावं, आणि त्या सवलतीला शासनाची नाव घेऊन मंजुरी मागावी. दर गुपचूप कमी लावणं आणि उघडपणे सवलत मागणं यांत लेखापरीक्षणाच्या वेळी जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

मूल्यांकन नगर रचना विभागाच्या सहायक संचालकांकडून करून घ्यायचं. त्यात एक गफलत इतकी नेहमी होते की आकडे मांडूनच सांगतो. तीन एकर म्हणजे १२० गुंठे, साधारण १२,१४० चौरस मीटर. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे १० टक्के खुली जागा सोडायची, १,२१४ गेले. रस्ते: १५० मीटरपर्यंत लांबीच्या अंतर्गत रस्त्याला ९ मीटर रुंदी लागते, त्यापुढे वाढते. आखणी नीट केली तरी रस्त्यांत २५ टक्के, म्हणजे सुमारे ३,०३५ जातात. ट्रान्सफॉर्मर आणि पाण्याच्या टाकीला २०० धरा. विकण्याजोगे उरले साधारण ७,६९० चौरस मीटर. तुमची मागणी ६२ जणांना प्रत्येकी २,००० चौरस फूट, म्हणजे १८६ चौरस मीटर, गुणाकार ११,५३२. रस्ते आणि खुली जागाच उरत नाही. १८६ चौरस मीटरचे जास्तीत जास्त ४१ प्लॉट बसतात. १,५०० चौरस फुटांचे, म्हणजे साधारण १४० चौरस मीटरचे, ५४ बसतील. सगळ्यांना सामावायचं तर १,२०० ते १,३०० चौरस फुटांवर यावं लागेल. ही गोष्ट ६२ जणांच्या बैठकीत पहिल्याच दिवशी सांगा. नंतर सांगितली तर संघटना फुटते.

हाच हिशेब भावाला लावा. हे आकडे फक्त उदाहरणाचे. कच्च्या जमिनीचा दर चौरस मीटरला २,००० रुपये ठरला, तर १४० चौरस मीटरचा प्लॉट २ लाख ८० हजारांना पडेल असं लोक धरून चालतात. पण पूर्ण १२,१४० चौरस मीटरची किंमत २ कोटी ४२ लाख ८० हजार, आणि ती वसूल करायची ७,६९० वर. म्हणजे दर ३,१५७ झाला. रस्ते, गटार, जलवाहिनी आणि खांब यांवर १ कोटी २० लाख खर्च धरला तर चौरस मीटरमागे आणखी १,५६० रुपये. एकूण ४,७१७. १४० चौरस मीटरचा प्लॉट ६ लाख ६० हजारांच्या घरात गेला. नगरपरिषदेने २ लाख ८० हजाराने विकला तर फरकाची रक्कम वसुलीपात्र म्हणून लेखापरीक्षणात निघते, आणि रस्ते-गटारांना पैसाच उरत नाही. मग दहा-बारा वर्षं चिखलातून ये-जा. माझ्या मते निम्म्या भावाच्या मोठ्या प्लॉटपेक्षा रास्त भावाचा लहान प्लॉट, हप्त्यांची सोय आणि सोबत तयार रस्ता-पाणी हे सैनिकाला कितीतरी परवडतं.

हप्ते त्याच्या हातात पैसा येतो त्या वेळेशी जुळवावेत. शिपाई-नाईक दर्जाचा माणूस पस्तीस-चाळिशीत निवृत्त होतो. ग्रॅच्युइटी, कम्युटेशन (पेन्शनचा काही भाग एकरकमी) आणि फंड त्याच सुमारास एकदम मिळतात, आणि घरात लग्न नाहीतर विहीर-ट्रॅक्टर निघालं की सहा महिन्यांत संपतात. वाटपपत्रानंतर ३० दिवसांत चौथा हिस्सा आणि बाकी वर्षभरात, अशी रचना ठेवली तर बहुतेकांना झेपते. शासनाची मंजुरी हातात येण्याआधी नगरपरिषदेने एक रुपयाही घेऊ नये आणि सैनिकांनी देऊ नये. संघटनेने ‘प्राथमिक खर्चा’साठी वर्गणी काढली तर ती वेगळ्या खात्यात, पावतीने, आणि ती जमिनीची रक्कम नाही असं पावतीवर लिहून.

पात्रतेच्या अटी लिहिताना घरकुल योजनेच्या जाहिरातीतून उचललेली एक अट सगळ्यांचा घात करते: ‘मागील दहा वर्षे शहरात वास्तव्य’. सैनिक त्या दहा वर्षांत कुपवाड्यात, तेजपूरला नाहीतर जैसलमेरला असतो. ही अट ठेवली तर खरे सैनिक बाद होतात. त्याऐवजी भरतीच्या वेळचा मूळ पत्ता धरावा. तो डिस्चार्ज बुकात असतो. त्याबरोबर पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं ओळखपत्र घ्यावं, आणि यादी त्या कार्यालयाकडून पडताळून घ्यावी. नावांची तफावत आत्ताच दुरुस्त करून घ्या. डिस्चार्ज बुकात आडनाव आधी, आधारवर शेवटी, पत्नीचं माहेरचं नाव पीपीओत राहिलेलं, वडिलांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग तिन्ही ठिकाणी तीन तऱ्हांचं, असं सर्रास दिसतं. पत्नीचं नाव लागलं नसेल तर पार्ट टू ऑर्डरपासून (लग्न, मुलं अशा बदलांची लष्करातली नोंद) रेकॉर्ड ऑफिसकडे पत्रव्यवहार करावा लागतो, त्यात महिनेच्या महिने जातात. पुढे सैनिक वारला तर त्याच्या पत्नीला नेमकं याच कागदावरून फिरवतात. म्हणून वाटपपत्र पहिल्यापासून दोघांच्या नावे असावं.

घर नसल्याच्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका. नगरपरिषदेची मालमत्ता कर आकारणी यादी आणि मूळ गावच्या ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा ताडून बघा. खेड्यात वडिलांच्या नावे दोन खणांचं मातीचं घर आणि त्यात चार भाऊ, अशाला ‘घर आहे’ म्हणायचं का? हे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि म्हणूनच नियमात आधीच लिहिलेलं असावं. स्वतःच्या किंवा पत्नीच्या नावावर पक्कं घर नाही एवढाच निकष ठेवावा, वडिलार्जित हिस्सा धरू नये, असं मला वाटतं. अर्ज प्लॉटपेक्षा जास्त आले तर वीरपत्नी आणि युद्धात अपंगत्व आलेले आधी, मग उघड सोडत. पुढच्या दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्यांसाठी थोडे प्लॉट मागे ठेवावेत. ते रजेवर आल्याशिवाय बैठकीला येऊ शकत नाहीत आणि त्यांच्या बाजूने बोलणारं कुणी नसतं.

खरेदीखत की पट्टा? ‘हा प्लॉट कधीच विकू नये’ अशी अट कायमच्या विक्रीत घातली तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १० मुळे ती निरर्थक ठरते. पट्ट्यात पट्टा देणाऱ्याच्या हितासाठी तशी अट चालते. म्हणून दोन रस्ते राहतात. एक, दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत पट्टा. दुसरा, विक्री करताना ठरावीक वर्षांपर्यंत नगरपरिषदेची परवानगी आणि नगरपरिषदेला आधी परत विकत घेण्याचा हक्क. हे न करता सोडलं तर काय होतं ते सांगतो. प्लॉटचे पैसे कुणी सावकार किंवा बिल्डर भरतो, सैनिकाकडून कुलमुखत्यारपत्र आणि नोटरी केलेलं साठेखत घेतो, आणि पाच वर्षांनी कॉलनीच्या पाटीवर सैनिकांचं नाव राहतं, घरं दुसऱ्यांची. भरणा फक्त लाभार्थ्याच्या स्वतःच्या पेन्शन खात्यातून किंवा कर्जातून घ्यायचा, एवढी एक अट यातलं बरंच थांबवते. दुसरी अट बांधकामाची मुदत. तीन वर्षं पुरेशी आहेत, पण रस्ता आणि पाणी पोहोचल्याच्या तारखेपासून मोजायची.

जमीन शासनाची निघाली आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मिळाली तर ती भोगवटादार वर्ग २ ची असेल. म्हणजे परवानगीशिवाय विक्री, बक्षीस, गहाण नाही. अशा वेळी प्रदान आदेशातच ‘घरबांधणीसाठी बँकेकडे गहाण ठेवण्यास परवानगी’ हे वाक्य घालून घ्या. ते नसेल तर प्रत्येक माणूस कर्जासाठी वेगळा अर्ज घेऊन तहसीलपासून चकरा मारतो. वर्ग १ (अशी बंधनं नसलेली) करण्यासाठी २०१९ पासून वेगळे नियम आहेत, पण तो खर्च आणि वेळ आधी हिशेबात धरावा.

नवीन प्रधानमंत्री आवास योजनेच्या भरवशावर बजेट आखू नका. तिथे सगळ्यात खालच्या गटाची वार्षिक उत्पन्न मर्यादा ३ लाख आहे. २५ हजारांच्या वर पेन्शन गेली की माणूस त्या गटाबाहेर. वीरपत्नी आणि कमी पेन्शनवाल्यांची नावं मात्र जरूर तपासा.

आता माती. तापी-गिरणा पट्ट्यात काळी माती खोल असते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि उथळ पायावरच्या भिंतींना चौकटीच्या कोपऱ्यातून तिरक्या चिरा जातात. मूल्यांकनाच्या आधीच जमिनीच्या चारही कोपऱ्यांत आणि मधोमध खड्डे घ्या. मुरूम पाच फुटांवर लागतो की पंधरा, यावर प्रत्येक घराचा पाया लाखभराने इकडचा तिकडे होतो. एका बाजूला मुरूम आणि दुसऱ्या बाजूला काळी असेल तर सोडतीच्या आधी प्लॉटचे दोन दर ठेवा, नाहीतर ज्याच्या वाट्याला काळी आली तो जन्मभर बोलत राहतो.

तर या आठवड्यात एवढंच करा. संघटनेच्या नावे नगरपरिषदेकडे आणि तहसीलकडे चार कागदांसाठी अर्ज द्या: चालू सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, त्यावरचे सगळे फेरफार, झोन दाखला, आणि जमीन नगरपरिषदेकडे ज्या आदेशाने आली त्या आदेशाची प्रत. शेवटची प्रत ‘आढळून येत नाही’ असं उत्तर आलं तर ते लेखी घ्या आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात शोध मागा. त्याच वेळी मुख्याधिकाऱ्यांना विनंती करून भूमि अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचे पैसे नगरपरिषदेमार्फत भरायला लावा. मोजणीच्या दिवशी तुमच्यातले चार जण बांधावर हजर ठेवा, शेजारच्या शेतकऱ्यांना नोटीस पोहोचली का ते स्वतः विचारा, आणि ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) आली की त्यावरचं क्षेत्र सातबाऱ्याशी लावून बघा. तीन एकरांचे अडीच भरले तर ५४ प्लॉटचे ४५ होतात, आणि ६२ जणांशी बोलणं पुन्हा तिथून सुरू करावं लागतं.